दोन थांब्यांच्या मध्ये

आमच्या मोटरसायकलवर मागं बसणाऱ्याला कंडक्टरचे अधिकार आहेत. मागं मी बसते, त्यामुळे ते माझ्याकडे. गाडी किती वेळ थांबवायची, हे मी ठरवते आणि निघायची वेळ झाली की यांच्या डाव्या खांद्यावर दोनदा थाप मारते. दोन थापा म्हणजे डबल बेल. त्याशिवाय हे गिअर टाकत नाहीत आणि थापा बसल्यावर क्षणभरही थांबत नाहीत. मागं वळून तर कधीच पाहत नाहीत. उभी नोकरी यांनी एस.टी. चालवण्यात काढली, त्यातली बरीचशी यवतमाळ-पांढरकवडा रस्त्यावर. "मांगं पाह्याचं काम कंडक्टरचं," असं यांचं म्हणणं. "ड्रायव्हर मांगं पाह्याले लागला तं समोरचं कोण पाहीन?"

मी शाळेत शिकवते, अजून थोडी नोकरी बाकी आहे. आवाज चढवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, तो घरीही चालू राहतो. हे मोजकं बोलणारे. त्यामुळे आमच्या घरात भांडण झालं तरी ते एकाच आवाजात ऐकू येतं.

हे निवृत्त झाले, त्यानंतरचा पहिला हिवाळा आठवला तरी मला नको वाटतं. पहाटे अंधारात उठायचे, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि कानटोपी चढवून अंगणातल्या खाटेवर बसायचे. ड्यूटी नाही, गाडी नाही. मी डबा घेऊन शाळेत जायचे आणि संध्याकाळी यायचे, तर हे तिथंच. ऊन सरकलं की खाट सरकवायची, एवढंच दिवसाचं काम. शेजारपाजारचे म्हणायचे, काका आता आरामात आहेत. मला मात्र भीती वाटायची. माणूस असा एकदा खाटेला लागला की उठत नाही, हे मी माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. पण भीती वाटली की ती माझ्या तोंडून रागाच्या रूपानंच बाहेर पडते. मी भांडी आपटायचे. हे तेवढ्यापुरतं आत यायचे, पाणी प्यायचे आणि परत खाटेवर जायचे.

त्याच हिवाळ्यात एकदा यांना मेथी आणायला भाजीबाजारात पाठवलं. मेथी आली नाही, पिशवीतून कुत्रा आला. तांबडा, एक कान उभा, एक पडका, पोट खपाटीला गेलेलं. नालीत पडला होता म्हणे. मी म्हटलं, या घरात एक तर हा राहील नाही तर मी. हे म्हणाले, "दोघंही राहा. जागा हाय." मी दूध तापवायला ठेवलं.

नाव ठेवायचं राहूनच गेलं. हे त्याला "ये बे" म्हणायचे आणि तो यायचा. आपल्याला "बे" म्हणतात यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. मी बरीच चांगली नावं सुचवून पाहिली, पण तो माझ्याकडे बघून फक्त शेपटी हलवायचा आणि जागचा हलायचा नाही.

कुत्र्याला फिरवायला म्हणून हे खाटेवरून उठले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग गावाबाहेर, मग आणखी पुढं. एका रविवारी पाहते तर यांनी मोटरसायकलच्या कॅरिअरवर टमाट्याचं प्लास्टिकचं क्रेट बांधलेलं, ट्यूबचे पट्टे कापून, चांगलं घट्ट. खाली गोधडीचा तुकडा अंथरलेला. म्हणाले, "चाल, आर्णीकडं जाऊन येऊ." समोर हे, मधे मी, मागं क्रेटमध्ये कुत्रा. तो माझ्या पाठीला पाठ लावून बसायचा आणि गेलेला रस्ता पाहायचा. चौकातली पोरं हसायची, "काकू, आज ट्रिपल सीट का?" मी त्यांच्याकडे वर्गात बघते तसं बघायचे. हसू मलाही यायचं, पण ते दाखवायचं नसतं.

यांची एक सवय काही केल्या जाईना. रस्त्यावर जिथं जिथं एस.टी.चा थांबा, तिथं तिथं हे गाडी थांबवायचे. कोणी चढणार नाही, कोणी उतरणार नाही, तरी पाय टेकायचा. सुरुवातीला मी चिडायचे, अशानं आपण उद्या पोचू म्हणायचे. कुत्र्याला मात्र ही पद्धत फार आवडली. थांबा आला की तो टुणकन उतरायचा, खांबाची विचारपूस करायचा आणि परत क्रेटमध्ये यायचा. तो चढला की त्याचा ओला श्वास माझ्या मानेला लागायचा, मग मी थाप थाप. हळूहळू मलाही सवय झाली. आता कोणी न थांबता घेऊन गेलं तर मला चुकल्यासारखं वाटतं.

तरुणपणी आम्ही कुठंच गेलो नाही. रविवारी यांची ड्यूटी, सणाला जादा गाड्या, जत्रेला तर विचारूच नका. सगळ्या जिल्ह्याला यांनी लग्नाला, देवाला, माहेराला पोचवलं, मी मात्र घरी. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर सुरू झालेल्या या हिवाळी सहली मला एखाद्या नव्या नवरीइतक्या अपूर्वाईच्या होत्या, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. डिसेंबरात कापूस फुटलेला असायचा. वेचणाऱ्या बाया ओट्या भरून शेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं चाललेल्या असायच्या. तूर डोक्याएवढी. ओळखीच्या शेतात आम्ही तीन दगड मांडायचो, शेंगा मीठ घालून उकडायचो आणि सोलत बसायचो. यांना शेंग सोलायचा कंटाळा, मला नाही. मी सोललेले दाणे यांच्या हातावर ठेवायचे आणि त्यातले निम्मे ते कुत्र्याला द्यायचे. मी न पाहिल्यासारखं करायचे.

कधी धरणाच्या पाण्यावर जायचो. कुत्र्यानं पहिल्यांदा बदकं पाहिली तेव्हा तो भुंकायचं विसरला. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा सरळ पाण्यात शिरला, बदकं उडाली आणि हा मधोमध, आता काय करायचं ते न कळून आमच्याकडे बघत. हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या गार पाण्यात उतरले. मी काठावरून ओरडत होते, न्यूमोनिया होईल, अक्कल आहे का वगैरे. दोघंही कुडकुडत बाहेर आले आणि दोघांनी माझ्याच अंगावर पाणी झाडलं.

नाताळच्या सुट्टीत शाळेतल्या एका बाईंच्या केळापूरजवळच्या शेतावर दोन दिवस राहिलो. दुपारी गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांवर, कणकेचे रोडगे भाजले, वांगी भाजून भरीत केलं, तुरीचं वरण. एक रोडगा कुत्र्यानं आरातून पळवला, तोंड भाजलं, तरी सोडला नाही. संध्याकाळी रोहींचा, म्हणजे नीलगायींचा, कळप धुऱ्याशी आला तसा हा शूर गडी यांच्या दोन पायांमध्ये घुसला. त्या दिवशी मी यांना मोठ्यानं हसताना ऐकलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला यांचं असं हसणं ऐकायला मिळालं, आणि ते एका नालीतल्या कुत्र्यामुळे. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. खाट आता अंगणात नुसती पडून असायची, तिच्यावर मी तिखट वाळवायला घालत होते.

आता त्या रविवारचं सांगते. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. थंडी मात्र कमी व्हायला तयार नव्हती. त्याच शेतावर हरभऱ्याचे घाटे भाजायला जायचं ठरलं होतं. घाटंजी सुटेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या थांब्यावर कुत्रा उतरला आणि मी सहज क्रेटमध्ये पाहिलं. गोधडीच्या तुकड्यावर माझी नवी शाल अंथरलेली. बहिणीनं दिलेली, घडीही न मोडलेली. हे म्हणाले, "त्याले थंडी वाजे." मग मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. बरंच बोलले. आणि त्यानंतर एकदम गप्प झाले. माझं बोलणं यांना सवयीचं आहे, माझं गप्प बसणं यांना जड जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

एका फाट्यावर चहाची टपरी लागली. मी पाठ करून चहा प्यायले. हे तिथंच उभ्या असलेल्या मेटॅडोरला टेकून प्यायले. मेटॅडोर कापसानं भरलेला, वरची ताडपत्री फुगून आलेली. चहा संपला, यांनी कानटोपी चढवली, वर हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि समोर बघत थापांची वाट पाहत बसले. कुत्रा हापशीजवळ साचलेलं पाणी पीत होता. मी गाडीजवळ आले आणि पाहते तो यांचा स्वेटर सगळा कापसाच्या तंतूंनी भरलेला. गरम चहानं माझा राग निम्मा उतरला होता. बोलायला अजून मन होत नव्हतं, पण असं पांढरं होऊन बसलेल्या माणसावर किती वेळ रागावणार? मी यांच्या खांद्यावरचा कापूस झटकला. एकदा, आणि परत एकदा.

यांनी गिअर टाकला आणि गेले.

मी तशीच हात वर धरून उभी. टपरीवाला म्हणाला, "काकू, काका तं गेले." मला दिसत होतं ते. मी ओरडले, पण कानटोपी आणि हेल्मेटच्या आत काय जाणार? यांचा फोन माझ्या पर्समध्ये, कारण हे तो सगळीकडे विसरतात. कुत्र्यानं पाण्यातून तोंड वर काढलं. एकदा जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग जीव तोडून गाडीमागं पळत सुटला. खरं सांगते, मला त्या क्षणी थोडं वाईट वाटलं.

टपरीवरचे सगळे हसत होते आणि शेवटी मीही हसले. आता हा माणूस पुढच्या थांब्यावर पाय टेकेल, मागं कोणी उतरणार नाही आणि मग त्याला कळेल. झालंही तसंच. यांनी मागाहून सांगितलं की थांब्यावर हे मला "उतर" म्हणाले. कोणी उतरलं नाही. यांना वाटलं मी रागात आहे, म्हणून आणखी थोडं थांबले. परत म्हणाले. मग उभ्या आयुष्यात पहिल्यांदा यांनी मागं वळून पाहिलं, तर सीट रिकामी आणि क्रेटमध्ये नुसती शाल.

हे परत आले तेव्हा यांचा चेहरा उतरलेला होता. मी तोंडभर बोलायच्या तयारीत होते. पण यांच्यासोबत कुत्रा नव्हता. "कुत्रा?" यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "तुमच्याच मागं पळाला." हे म्हणाले, "मले नाई दिसला. मी तं सरळ आलो."

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या दोन थांब्यांच्या मधला रस्ता पालथा घातला. कपाशीच्या पऱ्हाट्यांमध्ये शिरलो, तुरीत वाकून पाहिलं, नाल्यात उतरलो. हे "ये बे, ये बे" करत होते आणि यांचा आवाज बसत चालला होता. अंधार पडला तेव्हा रिकामं क्रेट घेऊन आम्ही घरी आलो. वाटेत हे कुठल्याही थांब्यावर थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी यांनी मोटरसायकलवर ताडपत्री घातली. रोज सकाळी एस.टी.नं त्या फाट्यावर जायचे, तिथून पुढच्या थांब्यापर्यंत चालायचे, चालत परत यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी. पायात काटे, पँटला कुसळं. मी म्हणायचे, मोटरसायकलनं जा, निदान लवकर होईल. हे नुसतं "नाई" म्हणायचे. मी म्हणायचे, त्या थांब्याच्या पुढं पाहा ना. तर म्हणायचे, "दोन थांब्यांच्या मधात हरपला, तं मधातच सापडीन." मी म्हटलं, अहो, तो छत्री आहे का सवारीनं सीटवर विसरलेली? चार पाय आहेत त्याला. पण यांच्या डोक्यात तो हिशेब पक्का बसला होता. ज्या टप्प्यात सवारी गेली त्याच टप्प्यात ती शोधायची.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला लागली. मी म्हटलं, शाळेतून आल्यावर मला गाडीवर घेऊन चला, दोघं पाहू. हे म्हणाले, "मी तुले गाडीवर नाई नेत. तुले याचं असन तं यष्टीनं ये." बस, एवढंच. मला वाटलं, हे मनातून मलाच दोष देत आहेत. थाप मीच मारली होती ना. यांनी तसं तोंडावर म्हटलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते, पण हे काही म्हणतच नव्हते. मी मेथी निवडता निवडता रडायचे आणि हे खाटेवर काटे काढत बसायचे. हो, खाटेवर. तिखट मी उचलून घेतलं होतं. कुत्रा मिळाला नाही तर थोड्या दिवसांत हे जाणंही बंद होईल आणि मग ती खाट, ते सरकणारं ऊन. मला कुत्रा हवा होता, पण त्याहून जास्त मला ते धरणाच्या पाण्यात पँट दुमडून उतरणारे हे परत हवे होते. हे मी देवापुढंही असंच उघड बोलले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एस.टी.नं निघालो. गर्दी होती. मला बायकांच्या सीटवर जागा मिळाली, हे पुढं ड्रायव्हरच्या मागं उभे. फाटा आला, हे उतरले. मी उतरले नाही.

आधी ठरवलं नव्हतं. उठता उठता मनात आलं की उतरले तर परत तेच, तोच टप्पा, तीच पऱ्हाटी. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, तुमचे साहेब उतरले नं." मी म्हटलं, "उतरू द्या. मला पुढचं तिकीट द्या." खिडकीतून हे दिसले. खाली उभे राहून दाराकडे पाहत होते. गाडी हलली तसा यांनी हात वर केला, मग तो तसाच राहिला. मला तेव्हा यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहायला हवं होतं, पण मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघायला लागले.

एस.टी.ची खिडकी उंच असते. मोटरसायकलवरून कधी दिसलं नव्हतं ते तिथून दिसलं. फाटा सुटल्यावर रस्ता एका तलावाला मोठा वळसा घालतो आणि त्या वळशाला आडवी छेदून एक पायवाट कपाशीतून सरळ पलीकडच्या रस्त्याला लागते. गाडीमागं पळणारं कुत्रं कशाला वळसा घालेल? हे वळशानं मागं येत होते तेव्हा तो पायवाटेनं पुढं निघून गेला असणार. तो थांबा ओलांडून पुढंच पळत राहिला असणार, आणि आम्ही आठवडाभर मागं शोधत होतो.

थांब्याच्या पुढच्या गावात उतरले. चार दुकानं, एक हॉटेल, कोपऱ्यावर पंक्चर आणि दुरुस्तीचं गॅरेज. हॉटेलात विचारलं, किराण्यात विचारलं. किराणावाला म्हणाला, गॅरेजवर विचारा, तिथं एक लंगडं कुत्रं बसून असते. मी जवळजवळ पळतच गेले.

टायरांच्या ढिगाजवळ तो बसला होता. पुढच्या पायाला फडकं बांधलेलं, वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा. मला पाहून आधी उभा कान हलला, मग सगळा कुत्राच हलायला लागला. लंगडत आला आणि माझ्या साडीत तोंड खुपसून असा काही रडला की गॅरेजवाले चाचा हातातला पाना टाकून बाहेर आले. मी त्याला धरून खालीच बसले होते. चाचा म्हणाले, "तुमचा हाय का भाभी? बरं झालं बापा. पाय फाटला होता, हळद भरली. पण खात नव्हता धड. येईन त्या फटफटीले सुंगे. आदमी उतरला का त्याच्या पँटले सुंगे, अन् वापस जाऊन बसे. दिवसभर हेच." एवढं ऐकेपर्यंत कुत्रा माझ्याजवळून उठला होता आणि माझ्या मागं रस्त्याकडे पाहत होता. मी एकटी आलेली त्याला चालत नव्हती.

मी यांना फोन लावला. फोन आता यांच्याच खिशात असायचा. मी म्हटलं, "सापडला." मग यांनी विचारलं, "तू कुठं हायस?" मी गावाचं नाव सांगितलं. "तू बरी हायस नं?" मी म्हटलं, मला काय होतंय, कुत्रा सापडला म्हणतेय मी. "तिथंच राह्यजो," हे म्हणाले. "हलू नको."

थोड्या वेळानं एक मेटॅडोर आला, वर कापूस आणि कापसावर हे. उतरले ते आधी माझ्याकडे आले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तोवर कुत्र्यानं यांची पँट हुंगली होती आणि पुढं जे झालं ते मी काय सांगू? तीन पायांवर तो यांच्याभोवती गरगर फिरत होता. हे एका टायरवर बसले, त्याला कवेत घेतलं आणि रडायला लागले. मोठ्यानं, हुंदके देऊन. सासरे गेले तेव्हाही मी यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. चाचा काहीतरी आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आतच राहिले.

मी शेजारच्या टायरवर बसले. म्हटलं, "पुरे आता. सापडला ना."

"कुत्र्याचं नाई," हे म्हणाले.

"मग कशाचं?"

हे कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तू मांगं नव्हती अन् गाडी तशीच चालून राह्यली होती. तेवढीच पळे. मले काईच समजलं नाई. इतके वर्षं मले वाटे, तू मांगं बसली म्हणून मी चालवतो. तू नसली तरी गाडी चालते, हे मले समजाचं नव्हतं." नाक पुसलं. "त्याच्यानंच तुले बसवत नव्हतो. अन् आज तू यष्टीत बसून गेली, मी रोडवर. मले वाटलं, हे असंच होणार हाय एक दिवस. कोणीतरी उतरणार, अन् कोणाची तरी गाडी चालत राह्यणार."

आठवडाभर मी यांच्या गप्प बसण्याचा उलटा अर्थ लावत होते आणि हा माणूस मला गमावायच्या भीतीनं काट्याकुट्यातून चालत होता. भर रस्त्यावर, दुकानांसमोर, मी यांचा हात हातात घेतला. यांनी सोडवला नाही.

"मी नाही जात कुठं," मी म्हटलं.

हा शब्द पाळणं माझ्या हातात नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. यांनी तरी मान हलवली. कुत्रा दोघांच्या मधे पाय पसरून आडवा झाला आणि लगेच झोपला, बहुतेक बऱ्याच दिवसांनी.

मग यांनी विचारलं, "चाय घेतली का तू?"

मी घेतली नव्हती.